पायऱ्यांनी की उडी

आई गेल्यावर तिच्या कपाटातून पोहण्याचे पोशाख आणि शिट्टी निघाली. पोशाख मावशीने नेले, तिला घट्ट होतात तरी. शिट्टी माझ्याकडे आहे. आई गेली ती हृदयविकाराने, चांगली म्हातारी होऊन. मी सांगतेय ते त्याच्या बरंच आधीचं.

आई तलावावर पोहायला शिकवायची. घाबरलेल्या माणसाला ती एवढंच विचारायची, "पायऱ्यांनी की उडी?" सोबतच्या नातेवाइकांना मात्र तोंड उघडू द्यायची नाही. पाण्यात जो उतरणार त्यानेच सांगायचं.

तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा सर्जनबाईंनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. एकीत गाठ आणि भोवतीची थोडी कड काढायची, मग काही आठवडे जवळजवळ रोज किरणोपचार. दुसरीत सगळा स्तन काढायचा. मग किरण बहुधा लागणार नाहीत.

"गाठ लहान आहे. आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. पहिल्यात ती तिथेच परत येण्याची शक्यता किंचित जास्त."

"सगळं काढा," मावशी म्हणाली. "या वयात कशाला हवंय ते?"

"कशाला म्हणजे? माझं आहे."

मी वाचून आले होते. "पण आई, किरणांनी कातडी हुळहुळी होते. अख्खा मोसम पाण्याबाहेर बसशील. काढलंस तर जखम भरली की मोकळी."

आईने पर्समधून शिट्टी काढून वाजवली. बाकावरचे पेशंट दारातून डोकावले.

"पाण्यात कोण उतरतंय?"

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं.

"गाठ तेवढी काढा," आई त्यांना म्हणाली. "रोज यायचं मी बघते. पाण्याबाहेर बसणं जमेल की नाही, तेवढं सांगता येत नाही."

जमलं. तिने मोसमभर काठावर खुर्ची टाकली आणि ओरडून ओरडून सगळ्यांचे हातपाय सरळ केले. शिकणारेच मला गाठून विचारायचे, बाई पाण्यात कधी जाणार?

परवानगी मिळाली त्या दिवशी सगळे उडी बघायला जमले. आई पायऱ्यांकडे गेली. कठडा धरून सावकाश उतरली आणि पाणी छातीला लागल्यावर थांबली.

"गार आहे का गं, ताई?" मावशीने वरून विचारलं.

"उतरून बघ."

जन्मात पाण्याला पाय न लावलेल्या मावशीने चपला काढल्या आणि ती पहिल्या पायरीवर उभी राहिली.

"उडी मारतेस?"

"वेड लागलंय का मला?" मावशी म्हणाली, आणि दुसरी पायरी उतरली.