गाडी वळेना, गडी बोलेना

बर्फावरून पळणाऱ्या पाच स्नोमोबिल एका ओळीत निघाल्या आणि पहिल्याच वळणावर त्यातल्या चार सरळ गेल्या.

वळण डावीकडे होतं. हँडल सगळ्यांनी डावीकडेच फिरवलं, अगदी देवाशपथ फिरवलं. पण पुढच्या, चाकांच्या जागी असलेल्या स्की बर्फावरून अशा अलगद घसरत गेल्या, जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. डॉक्टर चारुदत्तकाका पाइनच्या झाडाखालच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले. त्यांच्या पाठोपाठ सिद्धेश, मग मोना, मग गुरुदत्त. वरून फांदीने हलकेच झटकून चौघांवर बर्फ टाकला. अक्षताच जणू.

वळली ती एकट्या स्वानंदीची गाडी. आणि तिथेच घात झाला.

"हिची बरी वळते!" सिद्धेश कानातला बर्फ काढत ओरडला. "स्वतःची झक्कास सेट केली आणि आमची सोडली वाऱ्यावर!"

"यादीप्रमाणेच केलंय यार," स्वानंदी म्हणाली.

ती मूळची नागपूरची, आता शॉमबर्गला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हा धंदा, आणि हिवाळा आला की स्नोमोबिलचं वेड. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला गाड्या भाड्याने देणारा एक म्हातारा होता. त्याच्या हाताखाली दोन हिवाळे गुडघे टेकून ती स्प्रिंगा ताणायला शिकली होती. यंदा शॉमबर्गची मराठी मंडळी तीन दिवस तिथल्या लाकडी घरात उतरली, तेव्हा गाड्या ज्याच्या त्याच्या वजनाला बसत्या करायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. ग्रुपवर तिने विचारलं, "प्रत्येकाने जाडजूड कपड्यांसकट वजन कळवा, पाउंडांत." सगळ्यांनी कळवलं.

कामाच्या बदल्यात तिला एकच गोष्ट हवी होती. दुपारी दोन वाजता जंगलातून गोठलेल्या तळ्यापर्यंत वीस मैलांची फेरी होती. तिच्यात सगळ्यात पुढे राहायचं, वाट काढायची. दोन वर्षं तिला शेपटाला ठेवलं होतं. पुढे कोण, हे ठरवायचं चारुदत्तकाकांनी, कारण मंडळात सगळंच काका ठरवत.

काका मिशीवरचा बर्फ पुसत जवळ आले. "सॉफ्टवेअरवाल्यांनी पाना धरू नये, बाळ. दोनपर्यंत गाड्या वळल्या नाहीत तर सिद्धेश पुढे राहील. तू मागे."

सिद्धेशने लगेच गॉगल सरळ केला, जणू फोटोच काढायचाय.

स्वानंदी शेडमध्ये जाऊन गाडीखाली आडवी झाली. स्नोमोबिलचं गणित साधं. मागच्या स्प्रिंगा ढिल्या आणि बसणारा भारी, तर गाडी बूड टेकते आणि नाक वर करते. नाक वर झालं की पुढच्या स्कींवर भार उरत नाही. मग तुम्ही हँडल फिरवा नाहीतर आरती ओवाळा, गाडी जाणार सरळच. पण स्प्रिंगांचा ताण ठरवणारे ठोकळे जिथे हवेत तिथेच होते. यादीत एकशे साठ, स्प्रिंग एकशे साठला. यादीत एकशे पन्नास, स्प्रिंग एकशे पन्नासला.

मग आपलीच का वळली?

प्रश्न पडला आणि पडल्यापडल्या तिचे कान तापले. ग्रुपवर तिने स्वतःचं वजन लिहिलं होतं एकशे अठ्ठावीस. गाडीची स्प्रिंग ताणली होती एकशे शेहेचाळीसला.

का? तर ग्रुपवर काका होते. चाळीस वर्षं लोकांची हृदयं तपासलेला माणूस. गणपतीत मोदकाच्या ताटाशी उभा राहून म्हणणारा, "एकच घे हं." मंगळागौरीला जिन्यावर धाप लागलेल्याला तिथेच थांबवून नाडी बघणारा. त्याच्या डोळ्यांसमोर खरा आकडा लिहायची छाती कुणाची? सगळ्यांनी थोडं थोडं खाली लिहिलं होतं. आणि गंमत अशी की काका स्वतःही रुतले होते.

स्वानंदी गाडीखालीच खुदकन हसली. पण हे वरच्या लोकांना सांगायचं कसं? काकांना तोंडावर "तुम्ही खोटं लिहिलंत" म्हणायचं, आणि त्यांच्याकडेच पुढची जागा मागायची?

शेडच्या कोपऱ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाची पोती रचली होती. प्रत्येकावर छापलेलं, चाळीस पाउंड.

अर्ध्या तासाने तिने काकांची निळी गाडी अंगणात आणली. मंडळी चहा घेऊन गोळा झाली. मृणालिनीकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. गाडी चालवून हात गोठवून घ्यायची त्यांना हौस नव्हती.

"काका, तुमचे एकशे साठ. म्हणजे चार पोती." तिने चार पोती सीटवर मांडली, मागच्या दांड्यापासून जमिनीपर्यंत टेप धरला. "गाडी तीन इंच दबली. एकदम बरोबर. आता तुम्ही बसा."

काका बसले. गाडीने सुस्कारा सोडला.

"साडेचार इंच," स्वानंदी अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली. "टेपच बिघडला वाटतं. उतरा बरं, पुन्हा तपासते." तिने पोती रचली. एक, दोन, तीन, चार. दबली तीन इंच. मग पाचवं उचलून हळूच वर ठेवलं.

साडेचार.

काकांनी कोटाची बटणं चाचपली.

"हा कोटच फार जड आहे," काका म्हणाले.

"चाळीस पाउंडांचा?" पायरीवरून काकू म्हणाल्या. "काय शिवलंय त्यात, माझी बाकरवडी?" मग शाल सावरून त्या उभ्या राहिल्या, लग्नात उभ्या राहिल्या असतील तशा, आणि नाव घेतलं:

"बर्फाच्या वाटेवर गाडी निघाली झोकात,
पाच पोत्यांचे चारुदत्तराव, चारच सांगतात लोकांत!"

हसू असं फुटलं की छपरावरचा बर्फ सुटून धप्पकन खाली आला. सगळ्यात मोठ्याने सिद्धेश हसला. "काका, पाच पोती! पाच!"

स्वानंदी मात्र हसेना. काका तिच्याकडे रोखून बघत होते आणि गेली आपली पुढची जागा, असं तिला वाटलं. काकांनी मान वळवली.

"सिद्धेश," ते म्हणाले, "आता तू बस."

सिद्धेशचं हसू जागच्या जागी थिजलं. "मी कशाला? माझी... माझी बरीच वळली होती."

"झाडात वळली होती," काकू म्हणाल्या.

मोना चहाच्या कपात बघू लागली. गुरुदत्तला अचानक एक फोन आठवला. स्वानंदीने टेप गुंडाळला. "इथे नको," ती म्हणाली. "एकेकाने शेडमध्ये या. मी दार लावते. आकडा तुमच्यात, माझ्यात आणि स्प्रिंगेत राहील. कुठे लिहिणारसुद्धा नाही."

काकांनी भुवया वर केल्या. "हं," ते म्हणाले. "पेशंटशी असंच वागायचं असतं." आणि पहिले तेच आत गेले.

"दोनशे दोन," दार लागताच ते पुटपुटले. "डिसेंबरपासून."

"माझं एकशे शेहेचाळीस, काका. मीही लिहिलं नव्हतं."

"वाटलंच होतं मला. तुझी एकटीचीच वळली ना."

तिने मागचा ठोकळा पान्याने दोन घरं फिरवला. तिसऱ्या घराला थांबली. फार ताणलं की मागचा रबरी पट्टा बर्फाला नीट चावत नाही, चढावर नुसता गरगरतो. वळायलाही हवं आणि चढायलाही हवं, त्यातला मध्य हाताला कळावा लागतो.

मग मोना आली, आकडा बोटांनी दाखवून गेली. गुरुदत्तने कानात सांगितला आणि "बायकोला नको हं" असं दोनदा बजावलं. शेवटी सिद्धेश आला. दार नीट लागलंय ना, ते त्याने ओढून बघितलं.

"दोनशे अकरा," तो म्हणाला. "काकांपेक्षा जास्त आहे ना?"

"कोण काका?" पाना फिरवत स्वानंदी म्हणाली. "मला तर कुणाचाच आकडा आठवत नाही. पण पुढे कोण राहणार याची काळजी लागली, की एकेक आठवायला लागतो."

सिद्धेशने तिच्याकडे बघितलं. "तूच राहा ना पुढे," तो घाईघाईने म्हणाला. "तुला वाट माहीत आहे. मी तर आधीपासून तेच म्हणतोय."

दोन वाजता काकांनी सगळ्यांना उभं केलं. "पुढे स्वानंदी. हरकत कुणाची?"

सिद्धेशने आपली गाडी बाजूला घेऊन तिला वाट करून दिली.

ती निघाली. पुढे कोऱ्या बर्फाचा चढ होता, कुणाचं पाऊल न उमटलेला, साखर पेरल्यासारखा. तिने गाडी त्यात घातली आणि वर पोचून मान वळवली. मागून चारही गाड्या पट्ट्याने बर्फ चावत, नाक खाली धरून, एकामागे एक वळत येत होत्या. निळ्या गाडीवरून काका ओरडत होते, "अगं हळू! हळू घे जरा!"

"काय म्हणालात काका?" ती ओरडली. "ऐकू येत नाही!"

आणि तिने आणखी जोरात घेतली.