पट अठ्ठावीस, हजर सत्तावीस

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. कवितांचा नव्हे आणि गणिताचाही नव्हे. वर्गात माझी कधी नेमणूकच झाली नाही. भाईंदर पूर्वेला, खारी गावातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर व्हरांड्यात मी टांगलेला असे. माझ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचे रकाने आखलेले: इयत्ता, पट, हजर. पट म्हणजे वर्गात नाव घातलेली मुलं आणि हजर म्हणजे त्या दिवशी खरोखर आलेली. या दोन रकान्यांच्या मध्ये बोटभर जागा आहे. माझं सगळं आयुष्य त्या बोटभर जागेत गेलं.

नवघरच्या एका सुताराच्या दुकानात माझा जन्म झाला. एकाच प्लायवूडचे आम्ही दोघे भाऊ. तो एका नव्या बिल्डिंगमध्ये वॉर्डरोब झाला, मी शाळेत आलो. हेवा वाटला नाही असं नाही. पण वॉर्डरोबला रोज सकाळी कोणी आंघोळ घालत नाही, मला घालत. प्रार्थना संपली की ओल्या फडक्याने कालचे आकडे पुसायचे आणि आजचे लिहायचे, अशी शाळेची रीतच होती. कालचा हिशेब काल मिटला. आज पाहुणा आला तर त्याला आजचाच दिवस दिसायचा.

सातवीचे आकडे शांती लिहायची. खारीतल्या जुन्या घरची मुलगी. तिच्या आजोबांची कधीकाळी भातशेती होती, आता तिथे तीन बिल्डिंगा आणि एक जिम आहे. माझ्यापर्यंत पोचायला ती टाचा उंच करी, जीभ दाताखाली धरी आणि आकडा लिहून झाला की पुढे एक टिंब देई. आकड्यापुढे टिंब कशाला, असं तिला कोणी विचारलं नाही. मला मात्र ते आवडायचं. तेवढ्या टिंबापुरता तिचा अंगठा माझ्यावर टेकत असे.

एकदा ती लिहिता लिहिता थांबली.

"सर, आज लय पोरी न्हाय आल्या. एकवीसच हायत."

सुभाष सर शाळेतले जुने शिक्षक. माणूस मायाळू, पण आकड्यांना कपडे घालून बाहेर काढायची त्यांना सवय. "सव्वीस लिही," ते म्हणाले.

"पर सर..."

"अगं, फळा दारात आहे. दारात तोरण लावतात, धुणं वाळत घालत नाहीत."

शांतीने सव्वीस लिहिले आणि टिंब दिले. सरांचा हिशेब पक्का होता. अगदी पूर्ण हजेरी लिहिली तर संशय येतो, म्हणून ते रोज एक-दोघांना आजारी ठेवत. आजारी कोण, ते आपल्याला माहीत नसलं तरी चालतं, असं त्यांचं मत. पाहुणे येत, माझ्यासमोर उभे राहत, "वा, हजेरी छान आहे हं," म्हणत आणि चहा प्यायला आत जात. चहासुद्धा छान असायचा.

मग एके दिवशी सातवीच्या आकड्यापुढचं टिंब नाहीसं झालं. अक्षर बदललं, आता दिव्या लिहू लागली. हजर मात्र सव्वीसच. दुसऱ्या दिवशीही सव्वीस. मला कळेना, टिंब गेलं तर एक तरी कमी व्हायला नको का? पण फळ्याला कोण विचारतं!

दिवाळीनंतर निशिगंधा मॅडम सातवीला आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सरांनी त्यांनाही तोरण आणि धुणं ऐकवलं. त्या ऐकून घेत हसल्या, पण दुसऱ्या सकाळी दिव्या फडकं घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "सातवीची ओळ पुसू नको. जे खरं असेल ते कालच्या शेजारी लिही."

मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा काल मिळाला! माझ्या उजव्या बाजूला सुविचाराची जागा होती. "नेहमी खरे बोलावे" तिथे बरेच महिने एकटंच उभं होतं. मॅडमनी ते पुसलं आणि त्या जागी रोजचा खरा आकडा, मोठा असला तर वर, लहान असला तर खाली, असा रेघेने जोडत मांडायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत माझ्या अंगावर करवतीचे दात उमटले. एक दिवस वर, एक दिवस खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. वार धरून बघितलं तर काही कळत नव्हतं. कधी सोमवार रिकामा, कधी मंगळवार.

पालकसभेला आया आल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना आत न नेता माझ्यासमोरच उभं केलं.

"मुली एक दिवस येतात, एक दिवस येत नाहीत. सगळ्या एकदम कुठे जातात?"

दिव्याची आई सुलूताई पदरात हसली. "आवो बाई, आमच्या गल्लीत पानी येक दिवसाआड येतं, तेबी शालंच्या टायमाला. आमी कामाला जातंव, मंग हंडं कोन भरल? तुमच्याकडं काय चोवीस तास नल चालू हाय?"

सगळ्या जणी हसल्या. मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि शांती? ती तर कुठल्याच दिवशी येत नाही."

सुलूताईने तोंडावरचा पदर काढला.

"शांतीला उत्तनला धाडली, मावशीकडं. मावशीची पोर सांभालाला," सुलूताई म्हणाली. "पानी भरता भरता शाला सुटत गेली, मंग घरच्यांना वाटलं, नायतरी जात न्हाय. तुमी कोन आलाव का इचाराला?"

कोणी गेलं नव्हतं. कसं जाणार? माझ्यावर तर सगळं छान होतं.

आणि त्याच महिन्यात बातमी आली. शिक्षण विभागाचे जितेंद्र साहेब शाळेला भेट देणार. सहावी-सातवीचे वर्ग नवघरच्या शाळेत हलवायचे की इथेच ठेवायचे, ते हजेरी बघून ठरवणार. त्या सकाळी मोठ्या बाई, वासंतीबाई, स्वतः ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर आल्या. त्यांच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम, वर्ग हलला तर गावातल्या मुली तेवढ्या लांब जाणार नाहीत, हे तुम्हाला कळतंय ना?"

"मुली गेल्याच आहेत, बाई," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "फक्त फळ्यावर तेवढ्या बसल्यात."

वासंतीबाईंनी सातवीची ओळ बोट फिरवत वाचली. सुभाष सर खोलीच्या दारात चष्मा पुसत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ. शेवटी बाईंनी फडकं पिळलं आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आज धुणंच दाखवू."

जितेंद्र साहेब आले. माझ्यासमोर थांबले. "हे काय गिचमिड लिहिलंय?" मग जवळ येऊन वाचू लागले आणि मॅडमनी त्यांना एक दिवसाआडच्या पाण्याचं सांगितलं. त्या दिवशी चहा गार झाला. जाताना त्यांनी शाबासकी दिली नाही, फक्त विचारलं, "शाळा दुपारची केली, तर मुली पाणी भरून येऊ शकतील?"

सहावी-सातवी दुपारची झाली. वर्ग खारीतच राहिले. करवतीचे दात हळूहळू बोथट झाले आणि एक दिवस दिव्याने माझ्यावर लिहिलं: पट अठ्ठावीस, हजर सत्तावीस. यावेळी खरोखर सत्तावीस. अठ्ठाविसावं नाव वासंतीबाईंनी कापू दिलं नाही. "येईल ती," म्हणाल्या. त्या आणि मॅडम दोनदा उत्तनला जाऊन आल्या. मावशी "पाठवते" म्हणाली. दोन्ही वेळा "पाठवते"च म्हणाली.

नव्या वर्षी हजेरी मोबाईलवर गेली. बोट लावलं की आकडा थेट ऑफिसात पोचतो आणि तिथे त्याची रंगीत चित्रंही निघतात म्हणे. चांगलंच आहे, तिथे काल कोणी फडक्याने पुसत नाही. मला खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या कॅरमशेजारी ठेवलं. खिडकीतून गल्ली दिसते. पाण्याच्या दिवशी हंड्यांचे आवाज येतात, मग मुलींच्या चपलांचे. त्यांत टाचा उंच करणारी एखादी आहे का, ते मी ऐकत असतो.

मित्रांनो, तुम्ही फळ्यावर लिहा की मोबाईलवर, आकडा खरा लिहा. आणि लिहून झाल्यावर पट आणि हजर यांच्या मधल्या त्या बोटभर जागेकडे एकदा बघा. तिथे कोणीतरी उभं असतं. त्याच्या घरी जा, लवकर जा.

मला इथे आणलं, त्या दिवशी कोणी पुसलं नाही. सातवीच्या ओळीवर तो सत्तावीस अजून तसाच आहे. खडू फिकट झालाय, पण वाचता येतो. तुमच्यापैकी कोणी उत्तनला गेलं आणि तिथे एखादी मुलगी काही लिहून झाल्यावर पुढे टिंब देताना दिसली, तर तिला एवढंच सांगा की तिची जागा कोणी भरलेली नाही. तिने यावं, ओल्या फडक्याने तो सात पुसावा आणि आठ लिहावा.

टिंबासकट.