लिंबाखालची चिठ्ठी

लुबनाचं नाव निघालं की आमच्या ह्यांचा चेहरा उजळायचा आन् माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू, जळत हुते मी.

दोन हजार दोन साल. आम्ही शिरूरला राहायचो. हे रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला, लुबना तिथंच कॉम्प्युटरवर. मूळची यवतची, शिरूरला भावाकडं राहायची. यवतला तिच्या मामूंचं रद्दीचं दुकान. तिथं पुण्याहून इंग्रजी पुस्तकं यायची. गिटारवाल्यांची, केस वाढवून गांजा ओढत हिंडणाऱ्या गोऱ्या पोरापोरींची, जादूटोण्याची. ती वाचायची आन् मग ह्यांना द्यायची. आत एक चिठ्ठी ठेवायची, मराठीत, काय वाचलं आन् कसं वाटलं त्याची.

जेवताना हे चिठ्ठी उघडायचे आन् खो खो हसायचे. माझ्याशी बोलणं म्हंजी काय, तर "भाकर वाढ" आन् "लाईटबिल आलं का?"

हे कंपनीत गेले की मी बी ती चिठ्ठी काढायची. एकदा लिहिलं हुतं, 'या गिटारवाल्याला म्हणे चौरस्त्यावर सैतान भेटला आणि त्यानं वाजवायला शिकवलं. आमच्या चौफुल्याला तमाशाच्या थेटरापाशी भेटला असता तर लोकांनी त्यालाच ढोलकीवर बसवलं असतं.' दुसऱ्या एकीत, 'ही पोरं घरदार सोडून मोकळी झाली म्हणे. मग भांडी कोण घासत होतं? बायकाच! पुस्तक तिथंच मिटलं.' मला हसू फुटलं, आन् हसू आल्याचा जास्तच राग आला. मेली लिहायची पण किती झ्याक!

मग ते काळ्या कव्हराचं पुस्तक आलं. त्यातल्या चिठ्ठीत हुतं, 'दुसऱ्या बाईवरून पुरुषाचं मन काढायचा उपाय दिलाय. तिच्या हातची वस्तू चौरस्त्यावर ठेवायची, वर आंबट फळ, आणि मागं न बघता घरी यायचं. हे तर आमच्याकडं कुणीही सांगेल, त्याला विलायती जादूगार कशाला?'

तिनं थट्टा केली, मी मनावर घेतलं. तिच्या हातची वस्तू म्हंजी चिठ्ठीच की! अवसेला दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी चौकात गेले. चिठ्ठी ठेवली, वर लिंबू, त्यावर हळदकुंकू, आन् मागं न बघता घर गाठलं. कंपनीची बस त्याच चौकात थांबती, हे रागाच्या भरात ध्यानातच आलं न्हाई.

रविवारी दारात लुबना, आन् तिच्या हातात माझं लिंबू! हे दाढीला गेले हुते, तेवढं बरं.

"वहिनी, हे तुमचंच ना?"

"उतारा उचलला तुम्ही? अवं, त्याला कुणी हात लावतं का?"

"बसमधून उतरले, तर लिंबाखाली माझंच अक्षर." ती आत येऊन खाली बसली. "सरांवर माझा डोळा आहे असं वाटलं?"

"व्हय," मी सरळ म्हटलं. "तुमची चिठ्ठी वाचताना हसत्यात, तसं माझ्याशी एकदा बी हसले न्हाईत. मग मी काय करू?"

ती लिंबू खाली ठेवत म्हणाली, "मला तरी कुठं काय बोलतात? पुस्तक परत येतं, त्यात उत्तराची एक ओळ नसते. ती गांजावाली पोरं कशी वाटली विचारलं, तर म्हणाले, मस्त."

"मस्त कसली डोंबलाची!" माझ्या तोंडून गेलं. "सगळ्या बायकांनी मिळून भांडी त्यांच्या डोक्यात घालायला पायजे हुती."

लुबना माझ्याकडं बघतच राहिली. "तुम्ही वाचता?"

"इंग्रजी कुठं येतं मला? चिठ्ठ्या वाचते. एकेक दोन-दोनदा."

ती अशी हसली की मला बी आवरेना. तेवढ्यात हे आले. आम्ही दोघी, मधी लिंबू. ह्यांना घामच फुटला.

"काय चाललंय?"

"इथनं पुढं चिठ्ठी माझ्या नावानं येणार हाय."

"आन् मी?"

"तुम्ही पुस्तकं वाचा."

लुबना उठली तशी तिला चौकापर्यंत सोडायला हे चपला शोधू लागले.

"बसा," मी म्हटलं, "मी जाते."

पटली हुती मला ती, पण एवढी बी न्हाई.