कलंडवल्याशिवाय मी चालू होत नाही

मला कुणी खटारा म्हणतं, कुणी म्हातारी म्हणतं. म्हणोत बापडे! मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. वय झालं असलं तरी ऐट अजून गेलेली नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा निळा रंग लोक वळून वळून बघत. एका घड्याळजीने मला हौसेने घरी आणलं. पुढे त्याला मुलगी झाली. गोल, गुबगुबीत. तो तिला गुंडी म्हणू लागला.

गुंडी शाळेत जाऊ लागली तेव्हा ती पुढे उभी राहायची, माझं हँडल घट्ट धरून. गाडी आपणच चालवतो, असं तिला वाटायचं. मीही तिचा तो समज कधी मोडला नाही. शाळेच्या दारात ती वळून हात हलवायची आणि बाप माझा हॉर्न दोनदा वाजवायचा. त्याशिवाय ती आत जायची नाही आणि आम्ही जागचे हलायचो नाही.

माझी एक खोड आहे. सकाळी, किंवा मध्येच बंद पडले तर, मला एका बाजूला कलंडवल्याशिवाय मी चालू होत नाही. पेट्रोल जागेवर पोहोचतच नाही म्हणे. बापाची कंबर दुखरी, म्हणून ते काम गुंडीकडे आलं. ती मला आपल्याकडे ओढून धरायची आणि ओरडायची, "बाबा, आता!" मग तो किक मारायचा. तिच्या वेण्या माझ्या आरशाला घासायच्या. लाड म्हणाल तर एवढेच, पण मला ते पुरायचे.

बघता बघता गुंडीची हायस्कूलला जायची वेळ आली. शाळेने पालकांना आधीच बोलावून व्यवस्था समजावून सांगितली. उजव्या फाटकाने आत, डाव्याने बाहेर. मूल उतरलं की गाडी पुढे. थांबायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. घरी आल्यावर गुंडीनेही स्वतःचे नियम सांगितले.

"बाबा, मला कोपऱ्यावरच सोडा हं. फाटकापर्यंत नको."

"का गं?"

"सगळे बघतात. आणि तिथे मला गुंडी म्हणायचं नाही."

"बरं, बाईसाहेब," असं म्हणून बाप हसला. पण नंतर तो मला पुसायला खाली आला आणि एकच आरसा कितीतरी वेळ पुसत बसला. मला फार वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी ती मागे बसली, तीही त्याच्या खांद्यावर हात न ठेवता. बाप आपल्याच तंद्रीत होता. चौकात त्याने मला सवयीने वळवलं, ते थेट जुन्या शाळेकडे! खरं सांगते, माझ्याही ते लक्षात आलं नाही.

"बाबा, इकडे कुठे? ही तर जुनी शाळा!"

बापाचा चेहरा एवढासा झाला. गावभरची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि पोटच्या पोरीला उशीर! घंटा झाली की हायस्कूलचं फाटक बंद होणार होतं. आता कोपऱ्यावर सोडून भागणार नव्हतं. आम्ही गाड्यांच्या रांगेत शिरलो. पुढे मोटार, मागे मोटार, मध्ये शिट्टी वाजवणारे पहारेकरी काका. गोगलगायीसारखं सरकत आम्ही पायऱ्यांपाशी पोहोचलो, आणि नेमकी तिथेच मी बंद पडले. दुष्काळात तेरावा महिना!

"तू जा, तुला उशीर होईल," बाप म्हणाला.

ती उतरली आणि मान खाली घालून चालू लागली. बाप किकवर किक मारत होता. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. नियम केव्हाच धाब्यावर बसले होते. "अहो, बाजूला घ्या तो डबा!" कुणीतरी खेकसलं. बापाने एका हाताने कंबर धरली आणि दुसऱ्याने मला कलंडवू पाहिलं. जमेना. एक हाक मारली असती तर ती आली असती. हाक त्याच्या ओठांवर आलेली मी पाहिली. पण गुंडी म्हणायचं नाही असं ठरलं होतं, आणि दुसऱ्या नावाने हाक मारायची त्याला सवयच नव्हती. त्याने पुन्हा किक मारली.

इतक्यात माझ्या हँडलवर ओळखीची बोटं पडली. पाठीला नवं दप्तर, गाल लालबुंद, आणि आजूबाजूला सगळी शाळा बघतेय. तिने मला आपल्याकडे ओढलं.

"बाबा, आता!"

मी अशी काही चालू झाले की धुराने शिट्टीवाले काकासुद्धा खोकले. गुंडी पायऱ्या चढत पळाली. दारात पोहोचल्यावर ती वळली आणि तिने हात हलवला. बापाचा अंगठा हॉर्नवर गेला आणि तिथेच अडला. मग त्याने माझा दिवा दोनदा लावला, भर उन्हात. तिला ते कळलं. ती हसली आणि आत गेली.

मित्रांनो, थोड्याच दिवसांत ती मैत्रिणींबरोबर सायकलने जाऊ लागली. पोरांनी मोठं व्हायलाच हवं, ते मला समजतं. तरी सकाळ झाली की आरशापाशी त्या वेण्या हव्याशा वाटतात. बाप आता एकटाच, कण्हत कण्हत मला कलंडवतो. तुम्हाला एवढंच सांगते, कुणी सोडायला आलं तर आत जाण्याआधी एकदा वळून बघा. मागे उभ्या असलेल्या माणसाचा सगळा दिवस त्यावर निघतो.

परवा मेकॅनिकने मला तपासलं. तो म्हणाला, "साहेब, हिची ही खोड काढून टाकतो. मग कलंडवायची भानगडच नको."

बापाने जिन्याकडे एकदा बघितलं.

"राहू दे," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी ती येते ना खाली."