आपोआप

तिने ओल्या कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी हलकेच उलगडली. आत सूर्यफुलाची रोपं ओळीने आडवी झोपली होती. टेबल आणि तिच्या मध्ये आता पोट येत असल्याने तिला तिरकं उभं राहून चिमटा चालवावा लागत होता. मूळ सरळ, देठ धड, दोन्ही दलं शाबूत, म्हणजे सामान्य. मूळ खुंटलेलं, म्हणजे बाजूला. जे बी फुगलंय पण फुटलं नाही, ते दाबून बघायचं. मऊ लागलं तर मेलेलं, टणक लागलं तर अजून झोपलेलं.

"अजून येतेसच का तू कामाला?" पलीकडच्या टेबलावरून भिंगकाका म्हणाले. ते या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने. गळ्यात कायम भिंग लटकलेलं आणि स्वतःचा डबासुद्धा त्यातून तपासून खाण्याची सवय. "इथेच मोकळी झालीस तर मला अंकुरणात नोंद करावी लागेल."

"सामान्य म्हणून करा म्हणजे झालं."

"ते बघून ठरवू."

ती हसली, पण चिमटा थांबला नाही. हात कामात असले की डोकं जरा गप्प बसायचं. आज संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना कळवायचं होतं.

डॉक्टर बाईंनी काल सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पोटावरचे पट्टे सोडवता सोडवता त्या म्हणाल्या, "बाळ छान आहे. दिवस भरत आलेत. पण गोठवलेल्या भ्रूणापासून राहिलेलं हे गरोदरपण. अशा वेळी शेवटच्या दिवसांत बाळाला पोसणारी वार कधी कधी थकते. धोका छोटा आहे, पण आता इथून पुढे तो वाढणार, कमी नाही होणार. म्हणून मी म्हणते, कळा आपणच सुरू करून देऊ. त्यामुळे सिझेरियन व्हायची शक्यता वाढते असं काही दिसलेलं नाही. थांबायचं असेल तर थांबूही. फक्त दिवसाआड तपासायला यायचं आणि बाळ कमी हलतंय असं वाटलं तर उठून तडक यायचं."

"तुम्ही काय कराल?" तिने विचारलं होतं.

"माझी बहीण असती तर मी तिला सुरू कर म्हणाले असते." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "अर्थात, बहीण माझं आजवर कधी ऐकत आलेली नाही."

नवरा सबंध वेळ खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "खाटा आहेत ना रिकाम्या?"

घरी येताना बसमध्ये तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील तसं."

"ते झालंच. पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? त्रास तुला होणार," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही लिफ्ट नुसत्या आवाजावरून ओळखायचा आणि तिच्याविषयी पाऊण तास बोलू शकायचा. पण या एका बाबतीत त्याने पहिल्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं. सुया तिला टोचल्या जात होत्या, त्यामुळे आपल्याला मत असायचा हक्क नाही, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती.

तिला काय वाटत होतं, ते तिला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच ते उच्चारायची लाज वाटत होती. आजवर सगळं कोणीतरी करून दिलं होतं. बीजं कधी पिकायची ते औषधाने ठरवलं, ती सुईने बाहेर काढली, दुसऱ्या एका खोलीत, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली भेट घडवली. मग एक सबंध हिवाळा त्यांचं मूल एका टाकीत गोठून बसलं होतं. तक्रार नव्हती. त्या टाकीलाही तिने मनातल्या मनात हात जोडले होते. फक्त एक गोष्ट, एवढी एकच, आपली आपण व्हावी. घरात असताना, काहीतरी फुटकळ करताना पोटात कळ यावी आणि तिने नवऱ्याला हाक मारावी. एवढंच.

आणि त्या एवढ्याशा हट्टापायी धोका घ्यायचा? आकडा छोटा होता, तिने तो तीनदा वाचला होता. पण उपचारांच्या वर्षांत ती दर वेळी छोट्या आकड्याच्या बाजूलाच सापडली होती.

"टीप कुठाय?" भिंगकाका तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांच्या हातात तिने सकाळी लिहिलेला अहवाल होता.

"कसली?"

"कसली म्हणजे? हे बी सरळ उगवलं का? थंड पेटीत ठेवलं होतंस ना?"

ठेवलं होतं. ताज्या काढणीचं सूर्यफूल हे असंच. बी जिवंत असतं, पण पाणी दिलं, ऊब दिली तरी उठत नाही. मग ते ओल्या कागदात थोडे दिवस गारठ्यात ठेवायचं आणि पुन्हा उबेत आणायचं, की बहुतेक उठतं. पण तसं केलं, हे अहवालात खाली लिहावं लागतं. इतक्या वर्षांत तिच्याकडून ती ओळ एकदाही राहिली नव्हती.

"राहिलं," ती म्हणाली. मग का कोण जाणे, पुढे बोलून गेली. "लिहायलाच हवं का पण? उगवलंय की चांगलं. असं वाटतं, जन्मभर त्याच्या मागे शेपूट."

काकांनी भिंग डोळ्याला लावून आधी अहवाल बघितला, मग तिला बघितलं.

"तुला बसायला हवंय," ते म्हणाले. "खुर्ची घे. टीप मी लिहितो."

जेवायच्या वेळी ती मागच्या व्हरांड्यात गेली. तिथे धुतलेले ट्रे उन्हात पालथे घातलेले असत. कठड्याला टेकून तिने सासूबाईंना फोन लावला. हे ठरवून केलं नव्हतं. आपल्या आईला विचारलं असतं, तर आईने प्रश्न पुरा व्हायच्या आत काळजीला सुरुवात केली असती. सासूबाई निदान आधी उत्तर देत.

"बोल गं. काय, पोटात दुखतंय?"

"नाही. आई, एक विचारायचं होतं. तुमचा मुलगा झाला ना, तेव्हा कळा आपोआप आल्या होत्या का?"

"आपोआप म्हणजे? कळा काय मागवाव्या लागतात?"

"नाही, म्हणजे औषध देऊन सुरू करतात ना..."

"हां, ते होय. केलं होतं की! सलाईन लावून सुरू केल्या होत्या माझ्या. दिवस उलटून चालले होते आणि पोरगं काही हलायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, आता याची मनधरणी पुरे."

तिने कठडा धरला. "ह्याच्या वेळी?"

"हो, ढब्याच्या वेळी. का ताईच्या? थांब हां. ढब्याच्या वेळी तर मी कपडे वाळत घालत होते आणि एकदम... नाही, नाही, ते ताईच्या वेळचं. की उलटं?" फोन तोंडापासून लांब गेला. "अहो! माझं सलाईन कोणाच्या वेळी होतं?"

मागून सासऱ्यांचा आवाज आला. "कुठलं सलाईन?"

"कळांचं!"

"मला काय विचारतेस? मला तर बाहेरच उभं केलं होतं."

"कधी म्हणून उपयोग नाही ह्यांचा," सासूबाई परत फोनवर आल्या. "ढब्या तर... बघ, तो आला तेव्हा डोक्यावर एवढं जावळ होतं आणि एक मूठ तोंडात कोंबलेली. नर्स मूठ काढायला गेली तर सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. आणि ताई रडलीच नाही आधी. नुसती टकामका बघत होती सगळ्यांकडे, इन्स्पेक्टर आल्यासारखी. हे मला काल घडल्यासारखं दिसतंय. पण ते सलाईन... हातात सुई होती, तेवढं आठवतं. हात आखडला होता. पण कोणाच्या वेळी, ते नाही सांगता येत बाई."

"राहू दे, आई."

"असं कसं राहू दे? तू विचारलंस. मी ताईला विचारून सांगते."

"ताईंना कसं माहीत असेल?"

"तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. "पण तुला कशाला हवंय हे?"

"सहज."

फोन बंद केल्यावर ती तिथेच उभी राहिली. तिला आधी बारीक हसू आलं, मग ते वाढत गेलं. पोट हलायला लागलं तसं तिने खालून दोन्ही हातांनी धरलं. नवरा आणि नणंद, दोघंही डोळ्यांसमोर आले. एक बोलता बोलता लिफ्टच्या तारा समजावणारा, एक कुणाच्याही घरी गेली की आधी पंख्यावरची धूळ बघणारी. दोघांपैकी कोण सलाईनचं? ती दोघांचे चेहरे आळीपाळीने न्याहाळत राहिली. काही केल्या ओळखता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भिंगकाकांनी दारातून डोकावून पाहिलं, ती हसते आहे हे बघितलं आणि ते परत आत गेले.

डोळे पुसून तिने डॉक्टरांचा नंबर लावला.

नवऱ्याचं काम त्या दिवशी बसने दोन थांब्यांवरच्या एका इमारतीत होतं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि समोर 'काम चालू आहे' अशी पिवळी पाटी आडवी लावलेली होती. वर अंधाऱ्या पोकळीत दिव्याचा एक ठिपका हलत होता. ती पाटीपासून हातभर लांब उभी राहिली आणि तिने त्याला हाक मारली.

ठिपका थांबला. "कोण?"

"मी आहे."

वरून काहीतरी धातूचं निसटलं आणि आपटत आपटत खाली येऊन पडलं.

"बाळ हलत नाहीये?"

त्याचा आवाज पोकळीत घुमला. इतक्या महिन्यांत त्याने असं काही विचारलं नव्हतं, आणि आज पहिल्या दमात तेच बाहेर आलं होतं.

"हलतंय! चांगलं लाथा मारतंय. सगळं ठीक आहे. ऐक, उद्या सकाळी जाऊया. सुरू करून घेऊ. मी डॉक्टरांना सांगितलंय."

तिने मान उंच करून पोकळीत पाहिलं.

"ऐकू आलं का?"

"आलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे नाही ना ठरवलंस?"

"तू कुठे काय बोललास?"

"तेच म्हणतोय. मी काही बोललो नाही."

"तुझ्यामुळे नाही. तुझ्या आईमुळे."

"आई काय म्हणाली?"

"त्यांना काही आठवत नाही म्हणाल्या. खाली ये, सांगते."

तो जिन्याने उतरत आला. आधी बूट दिसले, मग पँटचे ग्रीस लागलेले गुडघे, मग तो. शेवटच्या वळणावर त्याने कठडा पकडला. तिच्यापर्यंत यायला चारच पायऱ्या उरल्या असताना तो मध्येच खाली बसला. डोक्यावर हेल्मेट तसंच.

"काय झालं?"

"काही नाही. परवापासून झोपलो नाहीये."

"माहितीये. काल खोटं खोटं घोरत होतास. खरा घोरतोस तेव्हा इतका सभ्य आवाज येत नाही."

तो हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यावर मोडलं. हातमोजा न काढताच त्याने डोळे पुसले. गालावर काळा पट्टा उमटला. ती दोन पायऱ्या चढली, कठड्याला धरून हळूहळू खाली झाली आणि त्याच्या शेजारी टेकली. सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. जावळ, मूठ, कपडे, सलाईन. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

"ताईच असणार," तो शेवटी म्हणाला. "ती कधी वेळेवर आलीय?"

"तू आलायस?"

दोघं बसून राहिले. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता उठता येणार नाही.

बाहेरून एक वयस्क बाई पिशवी सांभाळत आत आल्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या त्या दोघांकडे, त्याच्या तोंडाकडे.

"अगं बाई. काय झालं? कोणाचं काही...?"

"नाही हो," ती म्हणाली. "आम्हाला बाळ होणार आहे. उद्या, नाहीतर परवा."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "मग असल्या गार फरशीवर काय बसलात? उठा आधी." पिशवी खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला आणि पाय रोवून तिला अशी ओढली की ती एका दमात उभी राहिली. मग त्याच्याकडे वळल्या. "तुम्हालाही देऊ का हात?"

"नको, नको," म्हणत तो उठला.

"लिफ्ट झाली का?"

"झालीच आहे. दार तेवढं लावतो."

"मग आधी मला वर सोडा. पाचवा मजला. नंतर जा कुठे जायचं ते."

त्याने पाटी उचलून भिंतीला लावली, वर जाऊन काहीतरी फिरवलं आणि लिफ्ट खाली घेऊन आला. तिघं आत शिरले. बाईंची पिशवी आणि तिचं पोट यांमुळे त्याला भिंतीला चिकटूनच उभं राहावं लागलं. त्याने बटण दाबलं. लिफ्ट हलली तसा सवयीने त्याचा कान भिंतीकडे झुकला.

"काय ऐकताय?" बाईंनी दचकून विचारलं. "काही आवाज येतोय का?"

तो आणखी एक मजला ऐकत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "छान चाललीये."