बाजूला केलेली तपासनीस

सम्यकला नोकरी लागली म्हणून शिरगावच्या घरात पेढे आले, आणि यशोधराच्या हातातला पेढा हातातच राहिला. धाकट्या भावाला घेणारी कंपनी तीच होती, जिच्या नव्या अणुभट्टीच्या आराखड्याची सुरक्षा ती सरकारी कार्यालयात बसून तपासत होती.

"ताई, मी खरेदी विभागात आहे. ऑफिसात कशाला सांगतेस?"

"सांगावंच लागेल रे."

तिने सांगितलं. साहेबांनी तिला लगेच त्या कामातून बाजूला केलं, फायली तिच्याच विभागातल्या वैदेहीकडे दिल्या आणि बजावलं, "आता या विषयावर चकार शब्द नाही."

तेव्हापासून यशोधराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वीज गेली तरी वरच्या टाकीतलं पाणी आपोआप उतरून भट्टी थंड ठेवेल, असं कंपनी म्हणत होती. चाचणी मात्र छोट्या नमुन्यावर झालेली. खऱ्या भट्टीच्या लांबलचक पाइपात वाफ अडकून पाणीच थांबलं तर? हे तिच्या डोक्यात आलं होतं, पण कंपनीला विचारायचं राहून गेलं. वैदेहीला सुचेल? नाही सुचलं तर? तव्यावर पोळ्या करपू लागल्या. "लक्ष कुठंय गं तुझं?" आई, चांगुणाबाई, करवादायची.

एका रविवारी अंबरनाथ पूर्वच्या भाजीबाजारात वैदेहीच समोर आली. यशोधराने तिचा हात धरला. "वैदेही, ते पाइप..."

"नको," वैदेहीने तिला तोडलं. "उद्या कंपनी म्हणेल, आमच्याच माणसाच्या बहिणीने मागून सूत्रं हलवली. सगळी तपासणीच नासेल. मी वाचतेय ना? विश्वास ठेव."

विश्वास ठेवणं जमेना. पण ती गप्प राहिली.

पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी सम्यकने घरात येताच बॅग आदळली. "मोठ्या पाइपांवर पुन्हा चाचणी मागितलीय तुमच्या लोकांनी! वाफ अडकेल म्हणे. आमचं सगळं काम लटकलं. तूच सांगितलंस ना?"

"नाही."

"खोटं बोलतेस."

कितीतरी दिवसांनी तिची छाती हलकी झाली होती, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं. सम्यक तसाच बाहेर पडला. चपला अडकवून ती मागे धावली, कोपऱ्यावर त्याला गाठलं. तो थांबला नाही. तिला परत जायलाही म्हणाला नाही. दोघं बराच वेळ चालत राहिली.

"आई जेवायची थांबली असेल," शेवटी तो म्हणाला आणि वळला.

त्याला पटलं की नाही, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.