परस्तूचा गुडघा

इस्फंदियारचा डोंगरावर विश्वास होता, बर्फावर अर्धामुर्धा होता आणि माणसांवर मुळीच नव्हता. इराणातल्या शेमशकच्या उतारावर गावातली निम्मी पोरं त्यानेच स्कीवर उभी केली होती. पण एखाद्या पोराच्या आईने कौतुकाने डबाभर अक्रोड आणून दिले, तरी हा आधी विचारायचा, "काय काम काढलंस?" आता तर त्याच्या संशयाला भरपूर खाद्य मिळालं होतं. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीचा, परस्तूचा, गुडघा वाकत नव्हता, आणि राष्ट्रीय संघाची निवड शर्यत शुक्रवारवर येऊन ठेपली होती.

ती पडली सरावात. ओल्या बर्फात एक स्की रुतली, बूट स्कीपासून सुटायला हवा होता तो सुटला नाही, अंग पुढे गेलं आणि पाय मागेच राहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं. स्कीच्या गावात असली दुखणी सर्दीपडशासारखी घरगुती. कुणाचा अंगठा काठीच्या पट्ट्यात अडकून उलटा होतो, कुणाचा खांदा निखळतो, आणि दुखरा गुडघा तर घरटी एक असतोच. परस्तूच्या गुडघ्याचा आधारपट्टा सुटला, सूज उतरली, मोठ्या डॉक्टरांनी लिगामेंट जुळल्याचं सांगितलं. तरी गुडघा अर्ध्यावर येऊन थांबायचा.

उपचार फिरदौस खानमकडे चालू होते. तेहरानला शिकून आलेली बाई, गावाच्या वरच्या अंगाला तिचा दोन खोल्यांचा दवाखाना. यंत्रांपेक्षा हातांवर तिची भिस्त जास्त. गुडघ्याची वाटी चारी बाजूंना हलकेच सरकवायची, जुळलेल्या जागी आडवा अंगठा चोळून तिथला चिवटपणा मोडायची, मग मांडी कणकेसारखी मळत मळत पाय दुमडत न्यायची. या सगळ्यात इस्फंदियारला वावगं काही दिसत नव्हतं. वावगं होतं ते एवढंच, की बाई त्याला बाहेर बसवायची.

"आगा, तुम्ही बाहेर चहा घ्या."

"बाप आहे मी तिचा."

"म्हणूनच सांगतेय. घ्या चहा."

अर्ध्या तासाने ती हात पुसत बाहेर यायची. "आज टाच पार मांडीला टेकली हं." इस्फंदियार लगबगीने आत जायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दाखव." परस्तू ओठ दाबून पाय दुमडायची आणि गुडघा अर्ध्यावर अडायचा.

"टेकली म्हणालात ना? कुठे टेकली?" त्याने एकदा विचारलंच.

"टेकली होती," फिरदौस खानम शांतपणे म्हणाली. "गुडघा बरा झालाय, आगा. पण शुक्रवारला मी हो म्हणणार नाही. पोरगी अजून तयार नाही."

झालं, इस्फंदियारच्या मनात पाल चुकचुकली. गुडघा बरा आहे, मग पोरगी तयार कशी नाही? आणि परस्तू नसेल तर तिच्या जागी कोण जाणार? आझीन. आणि आझीन कोण? याच बाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. घरी येताना त्याने मनातल्या मनात खटला चालवून निकालही देऊन टाकला.

"ती बाई मुद्दाम रेंगाळवतेय," त्याने बायकोला, तूबाला सांगितलं. "आतमध्ये काय करते देव जाणे. भाचीसाठी चाललंय सगळं."

तूबा भाजी निवडत होती. "तुमच्यापुढे फरिश्ता उतरला तर तुम्ही त्याचे पंख ओढून बघाल."

"मग? खरे आहेत का ते बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी तो परस्तूला गाडीत घालून खाली फशमला घेऊन गेला. तिथे करबलाई यदुल्ला नावाचा म्हातारा हाडवैद्य होता. मुरगळलं-निखळलं की जुनी माणसं अजून त्याच्याकडेच जातात. तो अंड्याचा बलक आणि हळद लावून पट्टी बांधायचा आणि रोग्याला गप्पांत गुंगवून खटकन सांधा बसवायचा. इस्फंदियार मुलीच्या उशाशीच उभा राहिला. या वेळी त्याला कुणी बाहेर काढणार नव्हतं.

म्हाताऱ्याने दातात साखरेचा खडा धरून चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटून गुडघा चाचपला. वर चाचपलं, खाली चाचपलं, मांडीवर बोटं रोवली.

"बसवायचं काय यात?" तो म्हणाला. "सगळं जागच्या जागी आहे. मांडी आवळून धरलीय पोरीने. कुणी धाक घातलाय हिला?"

"धाक? तीन पिढ्या उतारावर वाढलेलं घर आहे आमचं. आमच्यात कुणी घाबरत नाही."

"घाबरत नाहीत, का सांगत नाहीत?"

इस्फंदियार उत्तर देणार, इतक्यात त्याची नजर फळीवर गेली. तिथे मलमाची बाटली होती, आणि तिच्यावर फिरदौस खानमच्या दवाखान्याची चिठ्ठी. संगनमत! दोघं मिळालेले आहेत. त्याने पैसे ठेवले, सलामही धड केला नाही आणि मुलीला घेऊन निघाला. वाटेत सगळा वेळ तो शुक्रवारबद्दल बोलत होता. वरच्या वळणाला कुठे झुकायचं, कुठे जोर सोडायचा. परस्तू खिडकीतून नदीकडे बघत होती.

बुधवारी दुपारी तो उतारावरून लवकर परतला. बूट दाराशीच काढून आत आला, तर कोर्सीच्या, म्हणजे खाली शेगडी ठेवलेल्या बुटक्या मेजाच्या, उबदार रजईत पाय पसरून परस्तू पडली होती, डोळे मिटलेले. तूबा तिची मांडी रगडत होती. चुलीवर आशचं दाट सूप उतू जायला आलं होतं. तूबाने खुणेने नवऱ्याला बोलावलं, आपल्या जागी बसवलं आणि आत पळाली.

इस्फंदियारने हात ठेवला. विजारीखालचा स्नायू लोण्यासारखा मऊ होता. त्याने आयुष्यभर पोरांचे पाय चोळले होते, पाय त्याला कळायचे. त्याने एका हाताने घोटा धरला आणि पाय हळूच दुमडला. गुडघा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्याही पुढे गेला, आणि टाच मांडीला टेकली. त्याला आनंद आवरेना.

"बघ! वाकला की!"

त्याच्या हाताखालची मांडी जागच्या जागी लाकूड झाली. पाय ताठ होऊन त्याच्या हातातून निसटला. परस्तूने डोळे उघडले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

नाटक, हेच त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. पण नाटक करायला माणसाला थोडा तरी वेळ लागतो. इथे वेळच गेला नव्हता. आवाज निघाला आणि मांडी आवळली गेली.

"बाबा, मी मुद्दाम नाही करत." परस्तू रडकुंडीला आली होती. "खरंच नाही. तुम्ही आलात की ते आपोआप होतं."

तूबा डाव घेऊन दारात येऊन उभी राहिली. ज्या आवाजावर गावातली पोरं उतारावर झोकून द्यायची, तो आवाज इस्फंदियारला पहिल्यांदाच स्वतःचा वाटेना. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्याने एक हात तिच्या गुडघ्यावर तसाच ठेवला आणि दुसऱ्याने क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. "परस्तूचं नाव काढा शुक्रवारमधून," तो म्हणाला. "हो. आझीनला पाठवा. चांगली पोरगी आहे ती." तिकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, गुडघा बरा आहे. मीच नको म्हणतोय."

फोन ठेवून तो थांबला. आता मांडी सैल पडेल म्हणून तळव्याने वाट पाहत बसला. मांडी होती तशीच राहिली.

परस्तू त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती. अशी संशयी नजर त्याने आरशाखेरीज कुठे पाहिली नव्हती.

"शुक्रवारचं काढलंत," ती हळूच म्हणाली. "मग नौरोजनंतरच्या शर्यतीचं काय?"

इस्फंदियारने तिच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. कारण फोनवर बोलत असतानाच तो मनातल्या मनात नौरोजनंतरचा सराव ठरवून मोकळा झाला होता.